स्टेजवरची खुर्ची

परोपकारासाठी धावणारा कधी थकत नाही, असं वर्ध्यात मॅरेथॉनच्या स्टेजवरून सांगण्यात आलं. निधी कृत्रिम पायांसाठी होता आणि माझी ही पहिलीच मॅरेथॉन. आमच्या छातीवर नंबर होते. स्टेजवर बसवलेल्या बाईंच्या छातीवर ‘लाभार्थी’. त्या वाकून कृत्रिम पायातल्या बुटाची नाडी पुन्हा पुन्हा आवळत होत्या.

“मलेबी नंबर द्या ना, भाऊ,” त्या आयोजकाला म्हणाल्या. “दोन महिन्यांपासून रोज सराव करून राह्यली. पळता नाई येत, पण चालून पुरी करीन.”

“तुम्ही बसा, ताई. सगळे तुमच्यासाठीच धावून राह्यले.”

“मंग मलेच काऊन बसवलं?”

उत्तर म्हणून त्यांच्या हातात हिरवा झेंडा देण्यात आला. आमच्याकडे न बघता त्यांनी तो हलवला.

निम्म्याहून जास्त अंतर मी चालत गेलो. पदक मिळालं.