दोनदा झालेली परीक्षा

सुहासिनी घाटेच्या घरात 'हुशार' हा शब्द चालत नसे. जेवायला आलेला एखादा पाहुणा वीणाला म्हणायचा, "काय गं, फार हुशार आहेस म्हणे!" की आमटी वाढता वाढता सुहासिनी थांबायची आणि विचारायची, "कशावरून?" पाहुणा गडबडायचा. म्हणायचा, "अहो, तुमची मुलगी ना!" "म्हणजे अजून कुणी मोजलेलं नाही," असं म्हणून ती पुन्हा वाढायला लागायची. आम्हा मैत्रिणींना या स्वभावाची सवय होती. नव्या माणसाला मात्र ती तुसडी वाटायची.

ती गणिताची प्राध्यापक. अडुसष्ट साली नागपूरहून पीएच.डी.साठी अमेरिकेत आली आणि पुढे शिकागोच्या एका सरकारी कॉलेजात शिकवायला लागली. तिच्या वर्गात दिवसभर काम करून संध्याकाळी येणारी माणसं असत. कुणी बस चालवणारा, कुणी नर्स, कुणी दोन मुलांची आई. सुहासिनी म्हणायची, "यांना गणित येत नाही असं नाहीये. 'तुम्हाला येत नाही' असं यांना दहाव्या वर्षीच कुणीतरी सांगून ठेवलंय."

राहायला ती शहराच्या उत्तरेला, एका उपनगरात. नवरा चंद्रशेखर इंजिनिअर, मुलगी एकच, वीणा. दोन रस्ते सोडून डॉक्टर नरेंद्र आणि कांचन राहायचे. त्यांचा संजीव आणि वीणा एकाच वर्गात. दर शनिवारी कांचनच्या गाडीतून दोघी डेव्हन ॲव्हेन्यूला किराणा आणायला जायच्या, तिथेच डोसा खायच्या आणि परत येताना इतक्या हसायच्या की एकदा पोलिसाने गाडी थांबवून सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत दोन्ही मुलं पाचवीत होती. त्यांच्या शाळेत सहावीपासून गणिताचा एक वेगळा, पुढचा वर्ग असे. त्यात चोवीस मुलं घ्यायची आणि ती निवडायची पाचवीतल्या एका परीक्षेवरून. त्या वर्गात गेलेली मुलं हायस्कूलमध्ये इतरांच्या दोन वर्षं पुढे असत आणि मोठ्या कॉलेजांचं लक्ष त्यांच्याकडे जाई. आमच्या मराठी मंडळात त्या वर्गाचं नाव मेडिकलच्या ॲडमिशनसारखं घेतलं जायचं.

नेमका परीक्षेच्या दिवशी शाळेचा बॉयलर बंद पडला. शिकागोचा जानेवारी! मुलांनी कोट घालून, हातमोजे काढत-घालत पेपर लिहिला. निकाल लागला तेव्हा ज्यांची मुलं राहिली त्या पालकांनी आरडाओरडा केला, आणि शाळेने फेब्रुवारीत परीक्षा पुन्हा घेतली. तिथेच घोळ झाला. दुसऱ्या निकालात वरची चोवीस मुलं वेगळी निघाली. सगळी नाही, पण बरीच. संजीव जानेवारीत आत होता आणि फेब्रुवारीत बाहेर. वीणाचं बरोबर उलटं.

आता कुठली परीक्षा खरी धरायची? गावात दोन तट पडले. शाळांचे प्रमुख हॅलोरन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पाच जणांची कमिटी नेमायची ठरवली, आणि त्यात गणित जाणणारं कुणीतरी असावं म्हणून सुहासिनीचं नाव सुचवलं ते कांचननेच. "आपल्यातलं कुणीतरी आत हवं," ती सगळ्यांना सांगत होती.

सुहासिनी आधी नाही म्हणाली. "माझी मुलगी यात आहे. मला घेऊ नका."

"या गावात ज्याला आकडे कळतात त्या प्रत्येकाचं मूल या शाळेत आहे," हॅलोरन म्हणाले. "निदान तुम्ही ते आपणहून सांगितलंत."

तिने दोन्ही निकाल नीट पाहिले. मग मार्चमधल्या एका शनिवारी, डेव्हनवरच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांजवळ कांचनने तिला विचारलं, "जानेवारीचीच धरताय ना? पहिली ती पहिली."

"दोन्हीतली कुठलीच खरी नाही, कांचन."

"म्हणजे?"

"वरची बारा-तेरा मुलं दोन्ही वेळा वरच आहेत. त्यांना घ्यायचं, प्रश्नच नाही. पण त्यांच्या खाली तीसएक मुलं अशी आहेत की तिसऱ्यांदा पेपर घेतला तर तिसराच क्रम लागेल. त्यांच्यात फरक आहे असं त्या पेपरवरून म्हणताच येत नाही."

"मग त्यांच्यातून निवडायचं कसं?"

"चिठ्ठ्या टाकून."

कांचन हसली. सुहासिनी हसत नाही हे दिसल्यावर तिचा चेहरा बदलला. "भिशी आहे का ही? संजीव वर्षभर घासतोय, सुट्टीतसुद्धा. आणि तू पोरांची भिशी लावणार?"

"बाकीची मुलंही घासतायत."

"सरळ बोल ना. वीणाचं जानेवारीत आलं नाही, म्हणून जानेवारी नकोय तुला."

दुकानदार वजन करता करता थांबला होता.  गाडी कांचनची होती, त्यामुळे दोघींना एकत्रच परत यावं लागलं. अख्ख्या रस्त्यात फक्त हीटरचा आवाज होता. घरासमोर उतरताना सुहासिनीने "येते गं" म्हटलं. कांचनने मान वळवली नाही.

घरी चंद्रशेखरने सोपा उपाय काढला. "दोन्हींची सरासरी काढ की. विषय संपला."

"काढली. सरासरीने वीणा आत येते. अगदी शेवटची. संजीव बाहेर."

"मग अडलंय कुठे?"

"तिच्यात आणि तिच्या खालच्या मुलात अर्ध्या मार्काचा फरक आहे. थंडीत कोण खिडकीशी बसलं होतं, कुणाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, यावर अर्धा मार्क ठरतो. त्याच्यावरून एकाला हो आणि एकाला नाही कसं म्हणू?"

"ते मूल तुझं नाही," चंद्रशेखर म्हणाला. "हे आहे."

 हे बोलणं तिनेच मला नंतर सांगितलं. मत मात्र तिचं बदललं नाही.

मार्चच्या शेवटी शाळेच्या जिममध्ये सभा झाली. घडीच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतींना टेकून उभे राहिले. सुहासिनी फळ्यापाशी गेली आणि वर्गात शिकवावं तशी शांतपणे समजावून सांगू लागली. चिठ्ठ्यांचा मुद्दा आला आणि मिसेस लिंडक्विस्ट नावाची एक उंच बाई ताडकन उभी राहिली. "लॉटरी? ही शाळा आहे की लास व्हेगस?" टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, मेहनतीला काही किंमत आहे की नाही. कुणी म्हणालं, यांच्या देशात असं चालतं का, विचारा यांना. तेही तिने ऐकून घेतलं.

मग कांचन उठली. ती इंग्रजीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "प्रोफेसर घाटे, तुमची मुलगी कुठल्या परीक्षेत आत आली?"

सोळा वर्षांच्या मैत्रीत तिने 'प्रोफेसर घाटे' अशी हाक कधी मारली नव्हती.

"फेब्रुवारीच्या," सुहासिनी म्हणाली. "दोन्हींची सरासरी धरली तरी ती आत येते. मी सांगतेय त्या पद्धतीने कदाचित येणार नाही."

 कांचन हळूच खाली बसली. कमिटीत तीन विरुद्ध दोन मतांनी चिठ्ठ्यांचा निर्णय झाला. सगळ्यांना तो पटला होता असं नाही. कुठलीही एक परीक्षा धरली तर दुसऱ्या तटाचे लोक कोर्टात जातील ही भीती शाळेच्या बोर्डाला होती, इतकंच.

घरी वीणा जिन्याच्या पायरीवर बसून होती. मैत्रिणीच्या फोनवरून तिला सगळं कळलं होतं. "यू गेव्ह अवे माय सीट," ती म्हणाली.

सुहासिनी तिच्याशेजारी बसली. तिने लतिकाची गोष्ट सांगितली. नागपूरच्या कॉलेजात ती आणि लतिका एकाच बाकावर बसायच्या, एकच पुस्तक वापरायच्या. एम.एस्सी.ची स्कॉलरशिप एकीलाच मिळणार होती. एका मार्काने ती सुहासिनीला मिळाली. लतिकाच्या वडिलांनी त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून टाकलं.

"वॉज शी मॅड ॲट यू?"

"नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं, आपणच कमी पडलो. अजून तसंच वाटतं तिला."

 "आय'म स्टिल मॅड," वीणा म्हणाली आणि वर निघून गेली.

चिठ्ठ्या एप्रिलमध्ये शाळेच्या लायब्ररीत काढल्या. जवळच्या चर्चमधून बिंगो खेळताना आकडे घोळवायचा जाळीचा पिंजरा आणला होता. एक निवृत्त न्यायाधीश तो फिरवून चिठ्ठी काढायचे आणि नाव वाचायचे. सुहासिनीने मुद्दामच शेवटची खुर्ची घेतली होती. मी तिच्या शेजारी होते.  नाव यावं की येऊ नये, हे तिलाही कळत नसावं.

चौथी चिठ्ठी वीणा घाटेची निघाली.

पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "सरप्राइज, सरप्राइज!" काही जण हसले. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि पुढची चिठ्ठी काढली. शेवटपर्यंत संजीवचं नाव आलं नाही. कांचन कोट हातात घेऊनच बाहेर पडली, तो अंगात घालायलाही थांबली नाही.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. संजीवने बसस्टॉपवर सगळ्यांसमोर वीणाला 'चीट' म्हटलं आणि तिच्याशेजारी कुणी बसेना. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात सुहासिनी ज्या घोळक्याकडे गेली, तिथलं बोलणं थांबलं. मंडळाचे अध्यक्ष प्रतापकाका वयाने मोठे, भला माणूस. त्यांनी फोन केला. "सुहासिनी, सोडून दे ती जागा. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"जागा वीणाची आहे, काका, माझी नाही. आणि चिठ्ठी आली नसती तर मी मागायला गेले असते का? मग आली म्हणून परत कशी करू? तसं केलं तर पिंजऱ्यात काहीतरी गडबड होती असंच ठरेल."

"तत्त्व बरोबर आहे गं. पण माणसं..."

"माणसांसाठीच केलं," ती म्हणाली.  फोन ठेवल्यावर मात्र आपण चुकलो का, असं तिने चंद्रशेखरला पहिल्यांदाच विचारलं. 

आणि मग जे झालं, ते कुणाच्या हिशोबात नव्हतं.

दरवर्षी ज्यांची मुलं राहायची ते पालक गपचूप घरी जायचे. मूल कमी पडलं, आता काय बोलणार? मुलाला आणखी एक गाइड आणून द्यायचे आणि मंडळात तो विषय टाळायचे. या वर्षी लाज वाटण्याचं कारणच उरलं नव्हतं. मूल कमी पडलं नव्हतं, पिंजरा फिरला होता. त्यामुळे राग आला, आणि राग लपवावा लागला नाही. कांचनने थेट मिसेस लिंडक्विस्टला फोन केला. तिच्याही मुलाचं नाव आलं नव्हतं. राहिलेल्या मुलांचे आईवडील कांचनच्या दिवाणखान्यात जमू लागले. अमेरिकन बायका तिथे बटाटेवडे खायला शिकल्या.

मेमध्ये बोर्डाच्या सभेला ते सगळे एकदम गेले. बोलायला कांचन उभी राहिली. "तुमच्याच तज्ज्ञ बाईंनी सांगितलंय की आत गेलेल्या आणि बाहेर राहिलेल्या मुलांत फरक नाही. मग आमची मुलं नापास कशात झाली? त्यांना दुसरा वर्ग का नाही?"

हॅलोरन म्हणाले, शिक्षक नाही, खोली नाही. मग त्यांची नजर मागे बसलेल्या सुहासिनीकडे गेली. "प्रोफेसर, तुमचं म्हणणं असं होतं का?"

सगळे वळून पाहू लागले. कांचनही.

"हो, असंच," सुहासिनी उठून म्हणाली. "चोवीस हा आकडा मुलं मोजून आलेला नाही. तो बाकं मोजून आलाय. या बाई बरोबर बोलतायत."

त्या संध्याकाळी निर्णय झाला नाही. दोन सभा आणखी झाल्या, वर्तमानपत्रात एक बातमी आली, मिसेस लिंडक्विस्टच्या नवऱ्याने वकिलाचं नाव काढलं. शेवटी सप्टेंबरमध्ये दुसरा वर्ग सुरू झाला. चिठ्ठी न आलेली सगळी मुलं त्यात बसली. संजीवही.

त्या शेवटच्या सभेनंतर पार्किंगमध्ये दोघींच्या गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या. कांचन किल्ली शोधत म्हणाली, "तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही."

"मी विचारलं नाही."

"वीणाचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, हिने केलं काहीतरी. खरंच वाटलं मला."

"माहीत आहे."

"आता नाही वाटत." कांचन गाडीत बसली, काच खाली केली, मान हलवली आणि निघून गेली.

शनिवारच्या फेऱ्या पूर्वीसारख्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. दोघी कार्यक्रमात भेटायच्या, बोलायच्या, एकमेकींना ताट वाढून द्यायच्या. वर्षभराने नरेंद्रची आई आजारी पडली तेव्हा कांचन भारतात गेली आणि संजीव तीन आठवडे सुहासिनीकडे राहिला. कांचनने दुसऱ्या कुणालाही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी वीणा आणि तो जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसले. तिसऱ्या दिवशी एकाच गृहपाठावरून भांडत होते आणि सुहासिनी स्वयंपाकघरातून ओरडत होती, उत्तर नको, आधी कारण सांगा.