सेमिनारचं गाळलेलं वाक्य आणि बाबांची भांग

शिवरात्र होऊन चारच दिवस झाले होते. मी नागपूरहून सुट्टीत अर्जुनी मोरगावला घरी आलेली... आणि आल्या आल्या, जेवताना आईबाबांसमोर शहाणपण पाजळलं.

एमएस्सीचं सेमिनार नुकतंच झालं होतं. भांगेत असतं तशा जातीचं रसायन आपलं शरीर स्वतःच बनवतं, आणि बॅक्टेरियाच्या विषाने आतडी पेटली की ती आग आवरायला ते मदत करतं... असा विषय. बाबा घास हातात धरून ऐकत होते आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी रात्रीपासून ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊन खाल्ला. दोन तासांत उलट्या सुरू. असला भात गरम केला तरी त्यातलं विष जात नाही, हे मला परीक्षेत येतं... घरात आठवलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात नेईपर्यंत उलट्या थांबल्या होत्या, पण बाबा भलतेच दिसायला लागले. जीभ जड, डोळे लाल, नाडी धावत सुटलेली. माझ्याकडे बघत राहिले, नाव मात्र आठवेना.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. विष डोक्यापर्यंत गेलं असेल, गोंदियाला हलवू म्हणाले आणि फोन उचलला.

तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. ती बाबांकडे बघतच नव्हती, नुसता पदर पिळत होती. मी विचारलं, "आई, काही दिलंस काय बाबांना?"

ती रडायलाच लागली. "शिवरात्रीचा भांगेचा गोळा उरला होता. उलट्या लागल्यावर तेच म्हणाले, दे, अन् पोरीले सांगू नको... तूच त सांगून राहिली होतीस, भांगेनं विषाची आग थांबते म्हणून."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. काय झालंय ते आता कळलं होतं. सलाईन लावून बाबांना तिथेच नजरेखाली ठेवलं.

सकाळी बाबांनी डोळे उघडले, माझं नाव घेतलं आणि विचारलं, "त्या सेमिनारले मार्क किती भेटले व?" मी हसले, आणि मग खूप रडले.

माझ्या सेमिनारचं शेवटचं वाक्य होतं... 'याचा अर्थ भांग हे औषध आहे, असा होत नाही.' कॉलेजात ते ठासून म्हटलं होतं. घरी भाव खायच्या नादात तेवढंच गाळलं, आणि ते माझ्या बापाने भोगलं.

आई, तू खरं बोललीस म्हणून बाबांवर नेमका इलाज झाला. आता घरी काहीही सांगायचं झालं, तर मी ते शेवटचं वाक्य आधी सांगते.