सातवा ठोका

माझा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा पहिली शंका मलाच आली. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. देवरीपासून कोसभर आत असलेल्या आमच्या गावात मी तीस वर्षं दंडार, म्हणजे ढोलकीवरचं नाचगाण्याचं लोकनाट्य, बसवत होतो. पावलं मी रचायची, पोरांनी ती नाचायची. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कथा वगैरे काही न ठेवता माझेच निवडक नाच एकापाठोपाठ एक करायचे आणि शेवटी मला शाल द्यायची, असा पोरांचा बेत होता.

पोरं म्हणजे तीस-पस्तिशीचे बापे. त्यांचा म्होरक्या माझाच पट्टशिष्य, दोन लेकरांचा बाप. मी त्याला विचारलं, "कायले पायजे हे?"

"कायले म्हणजे? तुमचेच नाच आहेत काका. एका दिवशी सारे दिसले पायजे लोकायले."

जिवंत माणसाला शाल-नारळ देतात ते घरी बसवण्यासाठीच, एवढं मला कळत होतं. गरज सरो, वैद्य मरो. माझी धानाची शेती दोन एकरांची, त्यात मी चारचौघांसारखाच. दंडार हातून गेली, तर गावात मला विचारतंय कोण?

त्यात पट्टशिष्य दोनदा बस धरून कामठ्याला जाऊन आला, तेही ऐन कापणीच्या तोंडावर. विचारलं तर म्हणे, बैल पाहायला. दोन्ही वेळा परतला तो नुसता पान चघळत. त्या बाजूला कोणी एक नवा नाचमास्तर सिनेमातली पावलं शिकवतो, असं माझ्या कानावर आलं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, याची माझी खात्रीच पटली.

मग मीही डाव टाकला. शेवटचा नाच माझा सगळ्यात गाजलेला, आणि जुन्या गड्यांनंतर तो मी कोणाला शिकवला नव्हता. त्यात सातव्या ठोक्याला ढोलकी गप्प बसते, सगळ्यांचे पाय हवेत थांबतात आणि आठव्या थापेला एकदम जमिनीवर येतात. मी पोरांना सातव्यालाच पाय आपटायला शिकवलं. तालमीतल्या ढोलकीवाल्यालाही तसंच वाजवायला सांगितलं. म्हटलं, नाच ओळखू येईल, पण त्यातला जीव माझ्यापाशीच राहील. नवा मास्तर आलाच, तर बसेल डोकं खाजवत.

मंडईच्या दिवशी दुपारी मांडव खच्चून भरला. चिचगडकडचे पाहुणे बैलबंड्या जुंपून आले होते. एकेक नाच झाला, लोकांनी मान डोलावली. शेवटच्या नाचाआधी पट्टशिष्यानं एका म्हाताऱ्याला हात धरून पुढे आणलं. तो माझा जुना ढोलकीवाला होता. वीस वर्षं त्याच्या थापेवर मी पाय टाकला होता. नंतर तो लेकीकडे राहायला गेला. कोणत्या गावी, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

"काका, तुमच्यासाठी कामठ्याहून आणलं यायले," पट्टशिष्य म्हणाला.

नाच सुरू झाला. म्हातारा सातव्याला गप्प राहिला, पोरांचे पाय दणकन आपटले, आणि मागून त्याची थाप एकटीच पडली. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. पाहुण्यांत हसू फुटलं. म्हाताऱ्यानं पोरांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. तिसऱ्या फेरीला त्यानं आपली थाप सातव्यावर आणली आणि नाच निभावून नेला.

नंतर पट्टशिष्य माझ्या पाया पडला. रडवेला झाला होता. "काका, तुम्ही शिकवलं तसंच नाचलो आम्ही. आमचं काय चुकलं?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारा बोलला, "तुमचं नाही चुकलं बाप्पा. माह्याच हात चुकला. वय झालं आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलायची तीच वेळ होती, आणि ती मी घालवली.

मला घरी बसवायचं कोणाच्या मनातही नव्हतं. पुढच्या वर्षी पोरं तालमीला माझ्याच अंगणात आली. त्या म्हाताऱ्याला ढोलकीला बोलवायचं का, असं कोणीतरी विचारलं. पट्टशिष्य म्हणाला, "नको. त्यायचा ठेका सुटते." मी पहिलं पाऊल दाखवायला उठलो.