पहिलं बोट

नेव्हिल ट्रेगिअरला ऑस्ट्रेलियातल्या मेरिंगडेलमध्ये सगळे नेव्ह म्हणत. गावच्या सरकारी इस्पितळात तो बावीस वर्षं वॉर्डबॉय होता. रुग्ण उचलायचे, वळवायचे, ढकलायचे, एवढंच काम; पण ते तो चोख करी. चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लागल्याशिवाय कुणाला उठू देत नसे. माणूस खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना कमरेवर नाही, गुडघ्यांवर जोर घ्यायचा आणि 'तीन' म्हटल्यावरच ओढायचं, हे त्याने कित्येक नव्या नर्सना शिकवलं होतं.

इस्पितळ तीस खाटांचं. गावातली बाळंतपणं तिथे, डायलिसिस तिथे, म्हाताऱ्यांचे शेवटचे महिने तिथेच. त्याहून मोठं काही निघालं की विमानाने अ‍ॅडलेड. धावपट्टीपर्यंत स्ट्रेचर न्यायला नेव्हच. गावातली निम्मी माणसं त्याने कधी ना कधी ढकलली होती.

त्याआधी चौदा वर्षं तो शेतीच्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. वर्कशॉप बंद पडलं, म्हणून तो इकडे आला.

डिसेंबरातली दुपार होती. बार्ली कापणीला आलेली आणि पश्चिमेला ढग. क्लेम हॉगबेन हा शेतकरी इस्पितळाच्या दारातून आत आला. सत्तर किलोमीटर स्वतः गाडी हाकत आला होता. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

नेव्हने खुर्ची पुढे केली. "बस."

"पाय शाबूत आहेत माझे," क्लेम म्हणाला. "बोटाला टोचलंय नुसतं. मॉरीनने पिरपिर केली म्हणून आलो. नाहीतर मी कशाला येतोय तुझं तोंड बघायला?"

आलेल्या रुग्णाला आधी तपासायचं काम त्या दिवशी नर्स ब्लेसीकडे होतं. ती केरळची. मेरिंगडेलमध्ये येऊन तिला चौथा आठवडा लागला होता.

"किती दुखतंय? दहापैकी सांगा."

क्लेमने विचार केला. "दोन."

"दोनच?"

"दीड लिही हवं तर."

तिने फडकं सोडलं. अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या पेरावर सुईच्या टोकाएवढं भोक. रक्त नाही. सूज असली तर नावाला.

"कशाने झालं?"

"मशीनचा पाइप चाचपत होतो. टोचलं काहीतरी."

तिने किरकोळ जखम अशी नोंद केली. आधी एक छातीत कळ आलेला माणूस होता, एक दम्याचं पोर होतं. "तीन तास तरी लागतील," ती म्हणाली.

नेव्ह चार पावलांवर खुर्ची धरून उभा होता. त्याला क्लेमच्या बाहीवरचा डाग दिसला. वास तर आधीच आला होता. हायड्रॉलिकचं, यंत्रात प्रचंड दाबाखाली फिरणारं तेल. पाइपला बारीक चीर गेली की तेल सुईसारखं सुटतं, कातडीतून आत शिरतं आणि हातभर पसरतं. वरून दिसतं टोचल्यासारखं. पहिले काही तास फार दुखतही नाही. मग आतलं मांस मरायला लागतं. म्हणून फिटरला पहिल्याच दिवशी शिकवतात, गळती पुठ्ठ्याने शोध, बोटाने नाही. नेव्हला हे डोळ्यांवर पट्टी बांधून सांगता आलं असतं.

त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. क्लेमच्या भावाचं मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हा किती दुखतंय विचारल्यावर त्याने दहापैकी 'तीन' सांगितलं होतं.

नेव्हने तोंड उघडलं. क्लेमने त्याच्याकडे पाहिलं. "नेव्ह, उगाच बोभाटा करू नकोस."

नेव्हने तोंड मिटलं.

पाऊण तासाने क्लेम उठून बाहेर आला. नेव्ह दारात होता.

"नंबर नाही आला अजून तुझा."

"ते ढग बघ. दोनशे एकर उभं आहे माझं."

तो गाडीत बसला. निघताना हात स्टिअरिंगवरच ठेवून त्याने फक्त पहिलं बोट उचललं. तिकडे रस्त्यात सगळे असाच रामराम करतात. नेव्हनेही बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको मॉरीन त्याला घेऊन आली. हात मनगटापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. या वेळी क्लेम मुकाट्याने खुर्चीत बसला. धावपट्टीपर्यंत नेव्हनेच त्याला नेलं. एकही हिसका बसू दिला नाही. अ‍ॅडलेडला डॉक्टरांनी पंजा वाचवला. पहिलं बोट मुळापासून काढावं लागलं.

ब्लेसीची चौकशी लागली. दोन आठवड्यांनी, चौकशीच्या आदल्या दिवशी, ती चहाच्या खोलीत एकटी बसली होती. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी विचारलं होतं, नेव्ह. ते दोन म्हणाले."

"म्हणाला."

"इथे दोन म्हणजे किती?"

नेव्ह चहा ढवळत राहिला. "सात."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"नाही."

"असल्या जखमेबद्दल पुस्तकात एक पान आहे. मी आता वाचलं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं का असं काही असतं?"

"मला खुर्च्या ढकलायचं माहीत आहे," नेव्ह म्हणाला आणि कप न विसळताच निघाला. असं त्याने बावीस वर्षांत केलं नव्हतं.

चौकशीच्या खोलीत मुख्य नर्स ग्लेनिस आणि अ‍ॅडलेडहून आलेले दोघे होते. ब्लेसी टेबलाच्या या बाजूला. नेव्ह दार ढकलून आत गेला.

"तुला बोलावलेलं नाही, नेव्ह," ग्लेनिस म्हणाली.

"म्हणून तर आलो."

त्याने डाग सांगितला, वास सांगितला, वर्कशॉप सांगितलं. ब्लेसीने मान वर केली आणि तो बोलून होईपर्यंत खाली घातली नाही.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीस?" ग्लेनिसने विचारलं.

उत्तरं त्याने तयार ठेवली होती. क्लेमने नको म्हटलं होतं. पूर्वी एकदा एका नर्सने सुनावलं होतं, तू खुर्ची सांभाळ. दोन्ही खरी होती. तिथे उभं राहिल्यावर दोन्ही पोकळ वाटली.

"एक वाक्य होतं," तो म्हणाला. "तेवढे कष्ट घेतले नाहीत."

ब्लेसीची नोकरी राहिली. नेव्हला ताकीद मिळाली, ती त्याला फार हलकी वाटली. ब्लेसी रोज भेटे, कामापुरतं नीट बोले. फक्त नेव्ह म्हणायचं सोडून मिस्टर ट्रेगिअर म्हणू लागली.

रविवारी तो क्लेमच्या शेतावर गेला. क्लेम व्हरांड्यात डाव्या हाताने बुटाची नाडी बांधायचा खटाटोप करत होता. नेव्ह मदतीला वाकला नाही. बोलायचं तेव्हा बोललो नाही, आता कुठल्या तोंडाने वाकू, असं त्याला झालं.

"मला कळलं होतं, क्लेम. त्या दिवशीच. तेलाचा वास आला होता."

क्लेमने नाडी सोडली.

"बोभाटा नको, मीच म्हणालो होतो."

"म्हणालास. मी ऐकायला नको होतं."

"नको होतंस," क्लेम म्हणाला. मग म्हणाला, "बार्ली भिजलीच शेवटी."

नेव्ह जायला वळला, तेव्हा मागून आवाज आला. "पंचाईत काय झालीय, रस्त्यात कुणी दिसलं की हात सवयीने बोट उचलतो. पहिलं नाही, म्हणून मधलं उठतं. परवा चर्चच्या पाद्रीबाईंना दाखवलं."

एरवी नेव्ह पोट धरून हसला असता. त्या दिवशी त्याला हसता आलं नाही, आणि क्लेमही हसत नव्हता.

आठवड्याने नेव्ह गाडीने चालला असताना धान्याच्या कोठारांजवळच्या रस्त्यावर क्लेमची गाडी समोरून आली. स्टिअरिंगवरचा उजवा हात दिसला. मधलं बोट ताठ उभं राहिलं. रामराम होता की शिवी, नेव्हला कळलं नाही. दोन्ही त्याला लागू होतं.

उत्तरादाखल नेव्हचं पहिलं बोट अर्धवट उचललं गेलं होतं. ते त्याने मिटून घेतलं. मग अख्खा हात वर केला, आणि गाडी आरशात दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरला.