आजारी न पडणाऱ्या गावाकडून सत्कार

समस्त मतदार बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावात कुणीही आजारी पडत नाही. निदान सूर्यास्तानंतर तरी नाहीच. हा शोध आमच्या माननीय लोकप्रतिनिधींनी लावला, आणि तोही गावात पाऊल न टाकता.

झालं असं की, प्रत्येक सरकारी दवाखान्यात रात्रीसुद्धा डॉक्टर मुक्कामाला असावा, अशी सुधारणा करायचं घाटत होतं. माननीयांनी तिला विरोध केला. भर सभेत म्हणाले, "रात्री पेशंटच येत नाहीत, तर डॉक्टर बसवून करायचं काय?" टाळ्या पडल्या. आता आमच्या दवाखान्याला दिवस मावळायच्या आत कुलूप लागतं. कुलपाला नाडी दाखवायला कोण जाणार? पण एवढा बारीक विचार करायला माननीयांना सवड नसते. त्यांना मत मीच दिलेलं, त्यामुळे चिडायचा पहिला मानही माझाच.

माझ्या चुलतीला दमा आहे. साखर कारखाने सुरू झाले, शिवारात उसाचं पाचट पेटू लागलं, की तिचा श्वास अडकतो, आणि तो नेमका अंधार पडल्यावर अडकतो. वाफ द्यायचं यंत्र दवाखान्यात आहे, कुलपाच्या आत. मग तिला गाडीत घालायचं आणि बारामती गाठायची. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या, मध्ये आम्ही, आणि चुलती खिडकीला तोंड लावून. गेल्या हंगामात एकदा तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिले. दुसऱ्यांदा ते पाहायची माझी तयारी नव्हती. म्हणून यंदा धुराडी पेटण्याआधीच माननीयांना जाब विचारायचं ठरलं.

शिष्टमंडळ तिघांचं. गावातले वडीलधारे म्हणून आबा, दमा तिचा म्हणून चुलती आणि गाडी माझी म्हणून मी. घरातून निघाले तेव्हा आबा वाघ होते. "आज सोडत न्हाय त्येला! तोंडावर इचारतो, माणसं मेल्यावर डाक्टर धाडणार का?" निमगाव केतकीच्या पेठेत शिरल्यावर वाघ म्हणाला, "जरा थांब रं."

"काय झालं, आबा?"

"मोकळ्या हातानं कसं जायचं? मोठ्या माणसाकडं चाललोय."

"आबा, आपण भांडायला चाललोय."

"भांडू की! पर आदी सत्कार, मग भांडान. रीत हाय का न्हाय काय?"

शाल आली, नारळ आला, हार आला. हार एवढा दांडगा की मागच्या सीटवर चुलती त्याच्याआड दिसेना. "ह्या वासानं मी हितंच जाती बघ," ती आतून म्हणाली. मी काच खाली केली.

इंदापुरातलं संपर्क कार्यालय वरच्या मजल्यावर. चुलती कठड्याला धरून, थांबत थांबत चढली. माननीयांनी आम्हाला पाहिलं, म्हणजे हाराला पाहिलं, आणि उठून मान पुढे केली. ती मान इतकी सरावलेली, की नुसता दोरा दिसला तरी वाकेल. आबांनी हार घातला. शाल बाईच्या हातून शोभते, म्हणून चुलतीला पुढे ढकललं. तिला धाप लागलेली. नाही म्हणायलाही दम नव्हता. फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फोनांवर फिरत होता, खाली मजकूर: 'माननीयांच्या आरोग्यविषयक ठाम भूमिकेबद्दल ग्रामस्थांची कृतज्ञता!' जाब विचारायला जाऊन आभार मानून येणारं शिष्टमंडळ आणखी कुठे निघत असेल, तर मला जरूर कळवा.

फोटोनंतर जे घडलं ते मात्र कुणी फिरवलं नाही. ते मी सांगतो.

मी माननीयांना म्हणालो, "अण्णा, आमच्या दवाखान्यात रात्रीचा डॉक्टर पाहिजे."

आबांनी माझ्या मांडीला करकचून चिमटा घेतला. ज्याच्या अंगावर आपणच आत्ता शाल घातली, त्याच्या अंगावर लगेच जायचं कसं, हा त्यांचा पेच. वर हसून म्हणाले, "तसं काय लई घाईचं न्हाय, अण्णा. सवडीनं बघा."

माननीय प्रसन्न झाले. हार सावरत चुलतीकडे वळले आणि सभेतल्यापेक्षाही गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्हाला सरकारी मोफत उपचाराचं कार्ड मिळालंय ना? मग गावात डॉक्टर हवाच कशाला? मोठ्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, कार्ड दाखवायचं. आपली भूमिका पहिल्यापासून हीच आहे."

चुलती खुर्चीत बसून अजून श्वास गोळा करत होती. सगळं कार्यालय तिचे धन्यवाद ऐकायला थांबलं. आबाही मान डोलवायच्या तयारीत होते. छातीत पुरेशी हवा जमल्यावर ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कार्ड हाय की! पर रातच्याला दम कोंडला म्हंजी त्या कार्डानं काय वारा घालून घिऊ व्हय?"