अप्पांचं हाड

साक्षीदाराला प्रश्न विचारण्याआधी श्रीपादअप्पा पाण्याचा एक घोट घेत. घाई अजिबात नसे. बाटलीचं टोपण काढायचं, घोट घ्यायचा, तो तोंडात फिरवायचा, टोपण परत लावायचं आणि मग समोरच्याकडे बघायचं. तोवर साक्षीदार निम्मा खचलेला असे. हुबळीच्या कोर्टातल्या तरुण वकिलांना ही अप्पांची खास ढब वाटायची. एकदोघांनी तिची नक्कलही सुरू केली होती. खरं कारण मला ठाऊक होतं. गालाच्या आतल्या कॅन्सरवर त्यांचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं, आणि त्यात तोंडातली लाळ आटली ती कायमची. पाण्याशिवाय त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्या आजारात त्यांनी तंबाखू सोडली, वकिली सोडली नाही.

मी त्यांचा ज्युनियर. दाजीबानपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. तिथं मी लग्नाआधी आलो आणि केस पिकले तरी तिथंच राहिलो. खालून ठाण फाडल्याचा आवाज आला की अप्पा म्हणत, “बघ मधू, तो कापड फाडायलाय, आपण माणसं.” पक्षकारांशी ते कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि चिडले की दोन्हीत. “हौदो अल्लो?” हे त्यांचं पालुपद. होय की नव्हे, एवढंच सांग, बाकीची कथा नको. मेथीची जुडी उचलून ते बाजारातल्या बाईलाही विचारत, ही आजची, हौदो अल्लो? घरीही तेच चाले. तेव्हा शालिनीकाकू स्वयंपाकघरातून ऐकवत, “मी तुमची बायको आहे, साक्षीदार नव्हे.”

साक्षीला उभं राहणाऱ्याला पढवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. “विचारलं तेवढंच सांगायचं. वरचा एक शब्द नको.” अळणावरकडचा एक भला शेतकरी चांगली चाललेली केस केवळ मोकळेपणानं बोलून घालवून बसला होता. त्याचं उदाहरण ते प्रत्येकाला देत. इतकी वर्षं ऐकून ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. घरी, बँकेत, मुलीच्या शाळेत, कुठंही मी विचारलं तेवढंच सांगू लागलो. बायको म्हणायची, तुमच्याकडून माहिती काढायची तर वकील लावावा लागतो.

अप्पांची खालची दाढ दुखायला लागली ती एका उन्हाळ्यात. गाल सुजला. कोर्टाला सुट्ट्या लागायच्या होत्या आणि एक मोठी उलटतपासणी त्यांच्या हातात होती. मी त्यांना ऑफिसजवळच्या एका तरुण दंतवैद्याकडे नेलं. रेडिएशननंतर त्यांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, त्यात ठणका, म्हणून बोलण्याचं काम माझ्याकडे होतं. दंतवैद्यानं विचारलं, शुगर आहे? नाही. बीपी? आहे, गोळी चालू आहे. कुठल्या औषधाची अॅलर्जी? नाही. त्यानं आणखी काही विचारलं नाही, आणि मी आणखी काही सांगितलं नाही. दाढ निघाली.

जखम भरली नाही. आधी वाटलं, वय झालंय, वेळ लागेल. मग हिरडीतून पिवळट हाड दिसू लागलं. खालचा ओठ बधिर झाला, हनुवटीखालची कातडी फुटून पू यायला लागला. वास येतो म्हणून अप्पा लोकांपासून लांब बसू लागले. कोर्टात माणसाच्या अंगावर जाऊन प्रश्न विचारणारा माणूस बाकाच्या टोकाला, तोंडाला रुमाल लावून बसलेला मी पाहिला. भाकरी बंद झाली, मग भातही मिक्सरमधून काढावा लागला.

रायापूरच्या पुढं, धारवाडच्या वाटेवर, जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि शांतपणे समजावलं. रेडिएशननं कॅन्सर जातो, पण त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्याही बुजतात. हाड जगतं, पण उपाशीपोटी. त्याला धक्का लागला नाही तर ते वर्षानुवर्षं तसंच निभावतं. दाढ काढल्याची जखम भरून काढायची ताकद मात्र त्याच्यात उरलेली नसते. म्हणून ते मरत चाललं होतं.

मग त्यांनी सरळ विचारलं, “दाढ काढताना रेडिएशनचं सांगितलं होतं का?”

मी तोंड उघडायच्या आत अप्पांनी रुमाल खाली घेतला आणि ते म्हणाले, “मी सांगितलं नाही.”

परतताना गाडी मी चालवत होतो. उणकलचं तळं दिसू लागलं. शेवटी मीच म्हणालो, अप्पा, बोलत होतो मी, तुम्ही खोटं का सांगितलंत? ते पाण्याचा घोट घेऊन बधिर ओठावरून घरंगळलेलं पाणी पुसत म्हणाले, “खोटं कुठलं? तोंड माझं होतं की. मीही ऐकत बसलो होतो. ह्यानं बरोबर उत्तरं दिली म्हणून मनात शाबासकी दिली तुला.” थोड्या वेळानं म्हणाले, “दोन वकील गेलो, पेशंट कुणी गेलाच नाही.”

त्यांना हसायचं होतं, पण दुखलं.

माझी खरी लाज याच्या पुढची आहे. दोन दिवसांनी मी त्या दंतवैद्याविरुद्ध नोटीस काढू या म्हणालो. विचारणं त्याचं काम होतं, ग्राहक न्यायालयात तो टिकणार नाही, असं मुद्देसूद मांडलं. कायद्यानं ते चूकही नव्हतं. पण दोष दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची मला किती घाई झाली होती, ते अप्पांना दिसलं. ते म्हणाले, “केस जिंकशील तू. हौदो अल्लो?” मी हो म्हणालो. “जिंकल्यावर काकूच्या तोंडाकडे बघशील?” मी पेनाचं टोपण लावलं. “मग जा त्याच्याकडे. काय राहिलं ते सांगून ये. पुढच्या माणसाला तरी तो विचारेल.”

मी गेलो. त्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्यापुढं खुर्ची सरकवली.

आता प्रश्न जबड्याचा होता. नेहमीचा मार्ग म्हणजे जबड्याचा तो भाग कापून काढायचा आणि पायाचं हाड बसवायचं. अप्पांच्या वयाला आणि हृदयाला ते झेपेल याची डॉक्टरीणबाईंना शंका होती. दुसरा मार्ग नवा होता. मेलेलं हाड तेवढं खरवडून काढायचं, अप्पांच्याच रक्तातून बनवलेला घट्ट साका आणि कमरेच्या हाडातल्या मगजातून घेतलेल्या पेशी त्या पोकळीत भरायच्या, वरून हिरडी शिवायची आणि वाट बघायची. जमलं तर तिथं नव्या रक्तवाहिन्या येतात, हाड धरतं. नाही जमलं तर जबडा मोडेल, आणि मग कापण्यावाचून इलाज नाही.

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. आधी विचारलं, यानं जुना कॅन्सर जागा होईल का? बाई म्हणाल्या, म्हणूनच आधी तपासणी करणार, तो परत आलेला नाही याची शहानिशा झाल्याशिवाय हात लावणार नाही. मग अप्पा म्हणाले, “खात्री की आशा?”

“आशा,” बाई म्हणाल्या. “अजून फार लोकांवर झालेलं नाही.”

“मग करा. खात्री म्हणाला असतात तर उठून गेलो असतो.”

ऑपरेशननंतरचे महिने मला विसरता येत नाहीत. मी रोज सकाळी त्यांच्या उणकलच्या घरी जात असे. काकू पातळ पेज गाळत असत. अप्पा आरशासमोर बसून लाकडी पट्ट्यांनी तोंड उघडायचा व्यायाम करत. बोलणं बंद होतं, तरी पक्षकार आले की पाटीवर प्रश्न लिहीत. एकदा त्यांनी एका साक्षीदारासाठी लिहिलं, सगळं सांग, त्यातलं काय वापरायचं ते मी बघतो. तो माणूस तासभर बोलला. अप्पांनी त्याला एकदाही अडवलं नाही.

हाड येतंय की नाही ते बाहेरून कळायचं नाही. मी मात्र रोज त्यांच्या गालाकडे बघायचो. हे त्यांना आवडत नसे. त्यांनी पाटीवर लिहिलं, “मी काय बाळंतीण आहे? बघायलास काय?”

पावसाळा सरल्यावर हनुवटीखालचं भोक बुजलं. दिवाळीनंतरच्या एक्स-रेत जिथं काळी पोकळी होती तिथं बाईंनी पेन्सिलीनं दाखवलं. फिकट, ढगाळ काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, सगळं भरलेलं नाही, पण हाड धरलंय. काकूंना रडू आलं. अप्पांनी त्यांना, भर दवाखान्यात, आज आमटीत भाकरी कुस्करून देणार काय, एवढंच विचारलं. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मीही त्यांच्यासमोर पाटावर बसलो होतो, त्यांचे घास मोजत.

त्यानंतर ते वर्षभर कोर्टात आले. आवाज थोडा फाटला होता, शब्दही ओठाच्या एका बाजूनं निसटायचे. नवे वकील त्यांना समजून घ्यायला पुढं वाकत, आणि अप्पांना त्याचा फायदा कसा घ्यायचा ते लगेच कळलं. मला माफी मात्र त्यांनी कधी मागू दिली नाही. विषय काढला की म्हणत, “ते प्रकरण निकालात निघालंय. नवीन आण.”

गेल्या माघात ते झोपेतच गेले. हृदय थांबलं होतं. त्यांचा मुलगा बेंगळूरहून निघाला होता, तो पोचायला वेळ होता. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, अंग ताठायच्या आत जबडा बांधून घ्या, तोंड उघडं राहायला नको. काकूंनी जुन्या धोतराची पट्टी फाडून दिली आणि माझ्याकडे बघितलं.

मी पट्टी हनुवटीखालून घेतली, डोक्यावर गाठ मारली. ती नीट बसावी म्हणून अंगठा जबड्याच्या डाव्या कडेवरून फिरवला. जिथं हाड खरवडलं होतं तिथला खड्डा थोडा जाणवला. मग मी दाबून पाहिलं. खाली हाड होतं. घट्ट होतं. हात काढावासा वाटेना. काकू म्हणाल्या, “मधू, बसली ती गाठ. सोड आता.”