तंजावरला निघालो आणि मागच्या डाव्या दाराशी अडलो

चेन्नईहून गाडीने तंजावरला कसं जावं हे शोधत इथवर आला असाल, तर आधीच सांगतो, आम्ही तांबरमपर्यंतच पोचलो. अड्यारहून जेमतेम वीस किलोमीटर. रस्ता उत्तम आहे, सकाळी सहाला निघालात तर गर्दीही लागत नाही. फक्त गाडीचं सेंट्रल लॉकिंग शाबूत असू द्या.

आमची गाडी पंधरा वर्षांची, बाबा एकोणऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी ते साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले, आणि आल्यापासून त्यांचं एकच मागणं होतं: तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला मराठी लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. आयुष्यभर शाळेत मोडी आणि मराठी शिकवलेला माणूस. शेवटी एका शनिवारी आम्ही निघालो. मी आणि माझी बायको नीता पुढे, बाबा मागे डावीकडे, त्यांच्या नेहमीच्या जागी.

तांबरमच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो. मी उतरलो, नीता बाथरूमला गेली, बाबा आत. किल्ली गाडीतच होती, पण इंजिन बंद केलेलं. मी टाकीचं झाकण बघत होतो तेवढ्यात खट् आवाज झाला आणि चारही दारं आपोआप लॉक झाली. लॉक अधूनमधून असा चाळा करायचं, मी दुर्लक्ष करायचो. पण आज आत बाबा होते, काचा बटणाच्या, त्या बंद, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. बाबांनी दाराची खुंटी वर ओढली की दोन सेकंदांत ती परत खट् करून खाली. ते आतलं हँडल ओढत होते, काचेवर थापा मारत होते. पंपावरचा माणूस काच फोडायला पाना घेऊन आला. शेवटी मी ओरडून सांगितलं, "बाबा, खुंटी वर धरून ठेवा, सोडू नका!" त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, मी बाहेरून दार ओढलं आणि ते उघडलं. सात-आठ मिनिटांचा खेळ, पण बाबांचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता.

"मी खुंटी धरून हँडल ओढत होतो, सुहास. तरी उघडेना," ते म्हणाले.

"बाबा, तुमच्या बोटांत आता जोर नाही राहिला," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

बाबांनी पुन्हा गाडीत पाय ठेवला नाही. "दार उघडण्याइतकाही मी राहिलो नाही. माझं तंजावर झालं," म्हणाले, आणि नीताबरोबर रिक्षाने घरी गेले. मी एकटा गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला.

सर्व्हिस सेंटर काचेचं, एसी, सोफा, फुकट कॉफी. हातात टॅब घेतलेला सल्लागार गाडीकडे न बघता टॅबकडे बघत म्हणाला, "ओल्ड मॉडेल, सार. फुल किट मारायला लागेल. फोर डोअर्स, कंट्रोल युनिट, वायरिंग."

"पण बिघाड कुठे आहे?"

"ओल्ड मॉडेल ना, सार. एक्स्चेंज ऑफर सांगू का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, दार तरी उघडून बघ! डॉक्टरने नाडी न बघता सांगावं, काका, तुमचं वय झालंय, नवीन माणूस घ्या, तसला हा प्रकार. त्यांनी लिहून दिलेल्या आकड्यात आम्ही तिघे तंजावरला विमानाने जाऊन आलो असतो, तिथे विमानतळ नसला तरी. मी त्या पोराच्या साहेबाला बोलावून घेतलं, भांडलो, आणि लॉबीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की इथे कुणी दुरुस्ती करतं की नुसतं बदलतं? साहेबांनी मला आणखी एक कॉफी दिली.

संध्याकाळी नीताने शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण तंजावरी मराठी, पिढ्यानपिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी घराण्यातली. तिचे थोरले भाऊ, श्रीनिवास राव, इथेच चेन्नईत, मरीना बीचजवळच्या तिरुवल्लिकेणीत राहतात. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात वीस वर्षं गाड्यांच्या दारांचं वायरिंग केलेला माणूस, आता निवृत्त. "उद्या सकाळी या," निरोप आला, "गल्लीत गाडी येत नाही, बीचवर लावा. आणि जे अडकले होते त्यांना आणा."

बाबा गाडीत बसायला तयार नव्हतेच. ते नीताबरोबर बसने आले. रविवारी सकाळी मरीनाच्या रस्त्यावर पार्किंग सहज मिळतं, नऊनंतर नाही. आधी गल्लीतल्या मेसमध्ये पोंगल-वडा खाल्ला. पन्नास रुपयांत पोट भरतं आणि सांबार मागाल तेवढं.

राव आले ते पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात, हातात जेवणाचा डबा. डब्यात पक्कड, टेप, वायरचे तुकडे. त्यांनी ड्रायव्हरचं दार सताड उघडलं. दार आणि खांब यांच्यामध्ये वायरी जातात त्यावर रबराची नळी असते, ती त्यांनी मागे सरकवली आणि एकेक वायर बोटाने वाकवून बघितली. तिसरी वायर वरून धडधाकट, आतून तुटलेली.

"हे बघा. दार उघडा, लावा, उघडा, लावा, पंधरा वर्षं. तुटेल नाही तर काय? टोकं लागली की लॉक, सुटली की अनलॉक."

"मग ते म्हणाले सगळं बदला..."

"ऐय्यो! अस्कं कशाला बदलाचं? एक वायर अहे पा!"

वीस मिनिटांत तुकडा जोडला, टेप गुंडाळली. दहा वेळा दार आपटून बघितलं, लॉक गप्प. वाचकहो, जुन्या गाडीचं लॉक असं चाळे करू लागलं तर आधी ही रबरी नळी उघडून बघा. मी सर्व्हिस सेंटरच्या नावाने पुन्हा सुरू झालो, पण रावांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते कठड्यावर बसलेल्या बाबांकडे गेले.

"तुम्ही आत होता. काय जालं ते सांगा."

बाबांनी सांगितलं. खुंटी वर धरली, हँडल ओढलं, तरी उघडलं नाही. "बोटांत जोर नाही," शेवटी स्वतःच म्हणाले.

"खुंटी धरायला जोर होता. मग हँडलला कसा नाही?"

राव मागच्या डाव्या दाराशी गेले, बाहेरून ते उघडलं, दाराच्या कडेला असलेली नखाएवढी कळ बघितली आणि माझ्याकडे वळले.

"घरात बाळ कोण अहे?"

चाइल्ड लॉक! ते लावलं की दार आतून उघडतच नाही, फक्त बाहेरून उघडतं. आमची मुलगी चार वर्षांची असताना मीच लावलेलं. ती आता कोइंबतूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या जागेवर एरवी कुणी बसत नाही, फक्त बाबा. बाबा पहिल्या महिन्यात म्हणाले होते, "हे दार मला उघडत नाही रे." मी म्हणालो होतो, "असू द्या, मी उघडत जाईन." आणि दोन वर्षं मी पलीकडून धावत येऊन त्यांना दार उघडून देत होतो. सोसायटीचा वॉचमन मला बघून 'नल्ल पिळ्ळै' म्हणतो, गुणी मुलगा. मीही ते खुशाल मिरवत होतो. सर्व्हिस सेंटरच्या पोराने निदान गाडीला म्हातारी म्हटलं होतं. मी तेच बापाला म्हटलं, दाराकडे न बघता, आणि त्यांना ते पटवूनही दिलं. त्या पोरावर जेवढा भडकलो होतो त्याच्या दुप्पट आता स्वतःवर भडकलो, पण भांडायला समोर कुणी नव्हतं.

रावांनी नखाने कळ खाली केली. पैसे घेतले नाहीत, फिल्टर कॉफी घेतली. कॉफी संपल्यावर बाबा उठले आणि मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसले.

घरी पोचलो. गाडी लावली आणि सवयीने मी पलीकडे धावलो. वॉचमन बघत होता. दार माझ्या आधीच उघडलं, बाबांचा पाय बाहेर आला, आणि मी नेमका मध्ये उभा होतो.

"सरक," बाबा म्हणाले. "दार लागेल तुला."